कॉफीच्या मुलखात भाजलेला राब

आधी देवक्कांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. चिकमगळूरच्या वरच्या डोंगरात एका गौडांच्या कॉफीबागेत तोडणीच्या बायांची टोळी आहे, तिच्या त्या म्होरक्या. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटक, कपाळावर गोंदण, आणि स्वभाव असा की आधी टोचून बोलायचं आणि मग पोटभर वाढायचं. त्या नसत्या तर मी रिकाम्या हातानं परत आलो असतो, आणि आज ज्या खोलीत बसून हे लिहितोय ती खोली माझ्या आईला सोडावी लागली असती.

मी धोंडू, नाणे मावळातला. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढं खंडाळ्याला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो. लिहिण्यात चुका सापडतील, त्या पोटात घाला. गावची माणसं अजून भेटली की विचारतात, "धोंडू, लय लांब गेलतास म्हनं? काय बघितलंस?" एवढं सगळं रस्त्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून बसून लिहिलं.

झालं असं, की बंगल्यामागचा दरीकडचा उतार शेठनी विकायला काढला होता. तिथं गवत आणि जांभळी-हिरड्यांशिवाय काही नव्हतं. उतार गेला की माळ्याचं काम जाणार, आणि माळ्याची खोलीही जाणार. पण शेठचा धंदा कॉफीचा, आणि गौडांच्या बागेचा माल त्यांच्याकडे येई. त्यातून त्यांच्या मनानं घेतलं.

"धोंडू," शेठ म्हणाले, "तिथे पण डोंगर, आपल्याकडे पण डोंगर. तिथे पण पाऊस, आपल्याकडे पण पाऊस. मग कॉफी का नाय होणार? तू जा, शिक, आणि रोपं घेऊन ये. रोपं जगली तर उतार ठेवतो. नाय तर विकतो."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कापी म्हंजी त्ये काळं पानी? त्यापायी एवढ्या लांब?" मग तव्याकडं बघतच, "बरं, जा. पर डबा सोडून दुसऱ्याच्या हातचं उगा खाऊ नगंस."

कडूर उतरून

आगगाडीचं फार सांगत नाही. पुण्याहून धाकट्या रुळांच्या गाडीत बसलो तो मिरज, हुबळी करत कडूर नावाच्या स्टेशनात उतरलो. साऱ्या वाटेत मी कमरेची पिशवी एका हातानं धरून होतो आणि प्रत्येक स्टेशनाला शेजाऱ्याला विचारत होतो, "हे कडूर का?" शेवटी त्या बिचाऱ्यानं मी विचारायच्या आधीच मान हलवायला सुरुवात केली.

कडूरहून मोटार-लॉरी. आधी नुसतं सपाट रान, नारळ आणि नाचणीची कापलेली शेतं. मला मनातून बरं वाटलं, कारण डोंगर नसेल तर कॉफीही नसेल, मग माझ्यावर दोषही नाही. भित्र्या माणसाची बुद्धी अशीच चालते. पण चिकमगळूर मागं पडलं आणि समोर डोंगर उठला. तसा डोंगर मी पाहिला नव्हता असं नाही. नागफणीच्या कड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला डोंगराचं काय! पण आपले डोंगर कसे, फाल्गुनात उघडे पडतात, कातळ दिसतो, गवत पिवळं होऊन जातं. हा डोंगर पायथ्यापासून खांद्यापर्यंत हिरवा. कुठं माती दिसेना की दगड दिसेना. वाटलं, इथं शेती नाही, नुसतं अरण्य आहे. लॉरीवाल्याला विचारलं, "कॉफीच्या बागा कुठं?" तो हसला आणि त्यानं हात असा फिरवला की त्यात सगळा डोंगर आला.

ते अरण्य म्हणजेच बाग होती. वर उंच झाडांचं छत, फणस, उंबर, जांभूळ, हिरडा, सगळी आपल्या ओळखीची. त्यांच्या खोडांवर मिरवेली चढलेल्या. आणि त्या छताखाली, हात पोचेल एवढ्या उंचीची, गडद चकचकीत पानांची कॉफीची झुडपं, ओळीमागून ओळ. आत शिरलो आणि भर दुपारी देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटलं. गारवा, कुजल्या पानांचा वास, आणि कुठंतरी वर, दिसत नाहीत अशी, पाखरं. मी नकळत वहाणा काढून हातात घेतल्या. मागून कुणीतरी खळखळून हसलं.

"वहाणा घाल रे बाबा! देव नाही इथं, विंचू आहेत."

त्या देवक्का. मी चमकलो तो विंचवाला नव्हे, मराठीला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, आपल्याहून निराळी, कानडी मिसळलेली. त्यांचे वाडवडील कुठल्याशा फौजेबरोबर घाटमाथ्याकडून आले म्हणतात. कधी आले, कुठून आले, हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही.

"मावशी, मी खंडाळ्याहून आलोय," मी म्हणालो.

"मावशी कसली? माझी बहीण कधी दिली तुमच्या खंडाळ्यात? अक्का म्हण."

"व्हय, अक्का."

"व्हय म्हणे! आता भूक लागली असेल तेही व्हय म्हणून टाक."

आईनं बजावलेलं सगळं तिथंच संपलं. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी होती, अगदी आपल्यासारखी, फक्त शिजला भात मळून केलेली म्हणून मऊ. सोबत फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी आणि एक आंबट-तिखट लाल चटणी. चटणी मला इतकी आवडली की मी दोनदा मागून घेतली. मग विचारलं, कशाची? देवक्कांच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. देवक्कांनी बोटानं अंगणातल्या झाडावरचं पानांचं गोळा झालेलं घरटं दाखवलं. लाल मुंग्या! आपल्याकडं आंब्यावर ओंबील दिसले की माणूस झाड सोडून देतो, आणि ही माणसं त्यांना पाट्यावर वाटतात. माझा घास तोंडात तसाच राहिला.

"गिळ, गिळ," देवक्का म्हणाल्या. "मेल्यात त्या. आता चावत नाहीत."

जेवणावर कॉफी आली, गुळाची, फडक्यातून गाळलेली, दूध नाही. मी तोंड वाकडं केलं. "ह्याला प्यायला येत नाही आणि लावायला निघाला," त्या सुनेला म्हणाल्या, पण माझ्याकडं बघून, मला कळेल अशा मराठीत. पुढं रोज सकाळी त्यांनी मला तो काळा कढ पाजला. आठवड्यात मी मागून प्यायला लागलो.

फाल्गुन संपताना

तोडणी पौषातच उरकलेली होती. खळ्यावर वाळलेल्या फळांचा, आंबलेल्या गुळासारखा वास तेवढा राहिला होता. गडी एकदांडी शिडी लावून मिऱ्याचे घोस उतरवत होते. गौडा म्हणजे उंच, पांढऱ्या मिश्यांचे, बोलायला कानडी सोडून काही नाही. ते कानडीत बोलायचे आणि देवक्का मराठीत सांगायच्या. गौडांचं बोलणं चुलीवर भात शिजेल इतकं लांबायचं आणि देवक्कांचं सांगणं "म्हणतात, बरं" एवढ्यात आटपायचं. राहिलेलं काय होतं या काळजीनं मला झोप यायची नाही.

गौडांनी मला रोपांच्या कामाला लावलं. कॉफीचं बी उगवतं ते गमतीचं. बी जमिनीत राहत नाही, कोंब त्याला डोक्यावर घेऊन वर येतो, टोपी घातलेल्या शिपायासारखा. असे टोपीवाले शिपाई वाफ्यात दाटीनं उभे होते. त्यांना उपटून नव्या वाफ्यात लांब लांब लावायचं होतं. गौडा खूप बोलले. देवक्का म्हणाल्या, "वाफा तयार कर म्हणतात."

मी वाफा पाहिला. काळी भुसभुशीत माती, शेणखत, पालापाचोळा. सगळं होतं, पण राब नव्हता.

आता मावळाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडं भाताचं रोप करायचं तर ती जागा आधी भाजतात. शेण, त्यावर झाडांचे तोडलेले टाहाळ, वर पाचोळा-गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वारं बघून पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब भाजला की तण मरतं, किडा मरतो, राखेचं खत होतं आणि रोप कसं तरारून येतं. ज्याचा राब चांगला त्याचं भात चांगलं. माझ्या बापानं मला नांगर धरायला शिकवायच्या आधी राब रचायला शिकवला. त्या डोंगरात एवढा टाहाळ डोक्यावर असून ही माणसं रोप कच्च्या मातीत लावतात हे पाहून मला त्यांची कीव आली. मनात म्हटलं, यांनी मला इतकं खाऊपिऊ घातलं, आता मी यांना काहीतरी देतो.

आठवडी बाजाराचा दिवस होता. सगळी बाग बाजाराला उतरलेली. मी कोयता घेऊन वाफ्याशेजारच्या जांभळीवर चढलो. जांभळीचा टाहाळ राबाला चांगला, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं. फांद्या उतरवल्या, थर रचले, भोवतीचा पाला झाडून आगीला वाट ठेवली नाही, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवलं. इतका सुरेख राब मी गावाकडंही कधी रचला नव्हता. धूर झाडांच्या छतातून सरळ वर गेला.

धूर खाली बाजारात दिसला. आरडाओरडा करत सारी टोळी चढून आली. सामान वाटेत टाकून, लुगड्याचे ओचे धरून. मी राखेजवळ उभा होतो, हात पुसत, शाबासकीची वाट बघत.

देवक्कांनी राखेकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वर पाहिलं.

मीही वर पाहिलं. जांभळीच्या जागी मोठं भोक पडलं होतं आणि त्यातून निळं आभाळ दिसत होतं. दुपारचं ऊन त्यातून खाली सांडलं होतं, जांभळीखालच्या कॉफीच्या दोन ओळींवर. इतके दिवस त्या बागेत राहून मी तिथं आभाळ पाहिलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. आपल्या घराच्या कौलातून आभाळ दिसावं तसं ते दिसत होतं.

"तम्मा," देवक्का हळू म्हणाल्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "हे काय केलंस? कॉफीला ऊन नाही सोसत रे. त्यात आता कळ्या बसल्यात. त्या करपल्या की वर्षाचं पीक गेलं, आणि झुडपंही वाळायची."

मी ओळीतल्या फांद्या पाहिल्या. पानांच्या बगलेत हिरव्या टोकदार कळ्यांचे झुबके होते, लवंगांसारखे. मला वाटलं होतं ती नवी पालवी.

गौडा आले. बोलले, आणि या खेपेला देवक्कांनी सांगायच्या आधी मला कळलं. "उद्या जा म्हणतात. रोपं देणार नाहीत. सावली तोडणाऱ्याला कॉफी कशाला, म्हणतात."

डोळ्यांपुढं आईच आली, खोलीतली भांडी बोचक्यात बांधणारी. राब कसा असतो हे सांगून ती सावली परत येणार नव्हती.

मग देवक्का गौडांशी बोलू लागल्या. गौडांपेक्षाही जास्त वेळ. मधेच माझ्याकडं बोट, मधेच जांभळीकडं. गडी हसले, गौडा हसले नाहीत. शेवटी मुकादम बसप्पा माझ्या पाठीत एक ठेवून म्हणाला, "चल मावळी, तेरा नसीब!"

"काय सांगितलंत, अक्का?"

"सांगितलं, आमच्या बागेत रीत आहे. ज्यानं सावली तोडली त्यानं सावली धरायची. जांभळीला पान फुटेतो छप्पर घालून उभा राहील हा. या दोन ओळी फुलल्या तर रोपं द्या. नाही फुलल्या तर ह्याला नाही, मलाच घालवा."

"अक्का, तुमाला कशापायी?"

"तू गप. मीच तुला 'वाफा तयार कर' एवढंच सांगितलं. गौडांनी सगळं सांगितलं होतं, मातीला हात लावू नको, वरती बघ, सगळं. मला वाटलं, शेतकऱ्याच्या पोराला काय सांगायचं!"

पाडवा

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्यांच्याकडं त्याला युगादी म्हणतात. गुढी नसते, पण कडुनिंब आणि गूळ असतो, तोरण असतं, न्हाणं असतं. तोडणीच्या बायांना वर्षात ज्या थोड्या सुट्ट्या, त्यातली ही एक. मी भल्या सकाळी एकटाच बांबू तोडायला निघालो. गावाकडं आत्ता आई गुढीला साडी बांधत असेल, आणि काठी धरायला मी नाही, हे मनात येत होतं.

वळणावर देवक्का उभ्या. त्यांच्यामागं टोळीतल्या साऱ्या बाया. नवी लुगडी नेसलेल्या, केस ओले, कमरेला कोयत्या.

"सण आहे ना आज, अक्का?"

"आहे ना. तोंड उघड." त्यांनी माझ्या तोंडात कडुनिंब-गूळ कोंबला. "झाला सण. चल आता."

मी बांबू रोवले, आडव्या कांबी बांधल्या. बायांनी ओढ्याकडून नेच्याचे आणि सुपारीच्या झावळ्यांचे भारेच्या भारे आणले. छप्पर घालायची त्यांची हातोटी बघत राहावी अशी. दाट घातलं तर झुडपाचा जीव कोंडतो, विरळ घातलं तर ऊन चावतं. छपराखाली हात धरायचा, हातावर ऊन आणि सावली चिंचेच्या पानासारखी बारीक पडली की बरोबर. एकमेकींचे हात धरून बघत होत्या, हसत होत्या, आणि माझ्यावर गाणं रचत होत्या. त्यात 'मावळी' शब्द ऐकू यायचा आणि सगळ्या फुटायच्या. मी सुनेला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, "बायकोच्या डोक्यावर छप्पर घालायच्या आधी कॉफीच्या डोक्यावर घातलं, असं." माझं लग्न झालेलं नाही हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

संध्याकाळी दोन्ही ओळी झाकल्या गेल्या. नव्या लुगड्यांवर नेच्याचे डाग पडले होते.

त्यानंतर वाट बघणं. कॉफीच्या कळ्या एका पावसाची वाट बघत थांबतात. चैत्राच्या सुमाराला वळवाची एक मोठी सर यावी लागते, मग त्या एकदम उमलतात. सर आली नाही तर कळ्या तशाच सुकतात. मला राहवेना. घागर घेऊन ओढ्यावर निघालो तर देवक्कांनी घागरच हिसकून घेतली.

"थोडं पाणी मिळालं तर कळी फसते, तम्मा. उमलायला लागते आणि अर्ध्यात मरते. मिळालं तर पोटभर मिळू दे, नाही तर उपाशी राहू दे."

"मग मी करू काय?"

"बस."

बसण्यासारखं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. पलीकडच्या खोऱ्यात पाऊस झाल्याची बातमी आली. तिकडची बाग फुललीसुद्धा. आमच्या डोंगरावर ढग यायचे, वाकून बघायचे आणि जायचे. रोज मी छपराखाली शिरून कळ्या बघत होतो. काहींची टोकं तांबूस पडत चालली होती. गौडा येऊन बघून जायचे.

एका दुपारी आभाळ काळं झालं. वारा असा सुटला की मिऱ्याच्या शिड्या आडव्या झाल्या. सगळे गडी घराकडं पळाले. मीही पळालो आणि मधेच थांबलो. छप्पर! वरचा पाऊस त्या नेच्यांवरून घरंगळून बाजूला जाणार, आणि माझ्याच दोन ओळी कोरड्या राहणार. मी उलटा फिरलो. वीज कडाडली, पण थांबलो नाही. पोचलो तर देवक्का आधीच तिथं होत्या, डोक्यावर कांबळं, हातात कोयता, कांबींचे बंध सपासप तोडत.

"ओढ!" त्या ओरडल्या. "त्या बाजूनं ओढ!"

आम्ही दोघांनी सारं छप्पर ओढून खाली पाडलं आणि पाऊस आला. गाराही आल्या, थोड्या. आम्ही दोघं जांभळीच्या बुंध्याला टेकून उभे, थरथरत. देवक्का ओल्या कांबळ्यातून हात बाहेर काढून पानांवरून गळणारं पाणी बघत होत्या आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "साकू, साकू." पुरे, पुरे. पण त्यांच्या तोंडावरून वाटत होतं, पुरे होऊ नये.

"छप्पर परत घालू का?" पाऊस थांबल्यावर मी विचारलं.

"आता नको. आता ढग राहतील चार दिवस. ते धरतील सावली. फुलं झडली की मग घाल."

चैत्रातली एक सकाळ

पावसानंतर काही दिवसांनी पहाटे मला वासानं जाग आली. आधी वाटलं कुणीतरी मोगऱ्याची परडी उशाशी ठेवली. दार उघडलं तर तो वास बाहेरून आत लोटत होता, धुक्यासारखा. अंगणात, ओढ्यावर, गोठ्यात, सगळीकडं तोच. मी बागेकडं धावत निघालो, तर वाटेवर बसप्पानं हात आडवा धरला. फुलं उघडी असतात तेवढे दिवस बागेत कुणी शिरत नाही. मालकही नाही. धक्का लागला तर फूल गळतं, आणि मधमाशीचं काम माणसानं मोडू नये, असा तिथला रिवाज. कोयता नाही, खुरपं नाही, हाक मारायची तीसुद्धा बेतानं. एवढी मोठी बाग, आणि सारा गाव तिच्या कडेला उभा राहून नुसता श्वास घेत होता.

माझा जीव टांगलेला. माझ्या दोन ओळींचं काय झालं? बाहेरून काही दिसेना. झाडांच्या छताखाली, बुंध्यांच्या मधून, आत आत पांढरं काहीतरी आहे एवढंच.

तेवढ्यात गौडांनी मला खुणेनं बोलावलं. देवक्काही होत्या. आम्ही तिघं समोरच्या डोंगराच्या धारेवर चढलो. ऊन नुकतंच फुटत होतं. धारेवरून मागं वळून पाहिलं.

समोर सगळा हिरवा डोंगर. पानांचं छत, जसंच्या तसं, गप्प. त्याच्या पोटात एवढा बहर आहे हे वाऱ्यानं आणलेल्या वासावरून तेवढं कळत होतं. आणि त्या हिरव्याच्या मधोमध एक भोक होतं, मी पाडलेलं. उन्हाचा पहिला कवडसा नेमका त्यात उतरला होता. आणि त्या भोकातून दिसत होत्या दोन ओळी, पिंजलेला कापूस फांदीफांदीवर रचावा तशा पांढऱ्या. पान दिसत नव्हतं. नुसतं फूल.

आपल्या मावळात सात-आठ वर्षांनी कारवी फुलते, तेव्हा डोंगर निळाजांभळा होतो, आणि म्हातारी माणसं सांगतात, बघून घ्या, पुढच्या खेपेला आम्ही नसू. मी कारवी पाहिली आहे. राजमाचीच्या अंगाला पाहिली आहे. पण कारवी उघड्यावर फुलते, कुणीही बघावी. हे झाकलेलं होतं. एवढं मोठं काहीतरी दरवर्षी पानाआड होतं आणि कुणाला दाखवायला होत नाही, हे मनात आलं. मी हात जोडले. कशाला जोडले ते सांगता येत नाही. डोंगराला, झुडपाला, शेजारी उभ्या असलेल्या त्या बाईला.

गौडा काहीतरी बोलले. फार नाही. देवक्कांना हसू आवरेना.

"काय म्हणाले, अक्का? या खेपेला सगळं सांगा."

"म्हणतात, माझ्या बापाच्या काळापासून आमच्या बागेचं फूल ह्या धारेवरून कुणाला दिसलं नव्हतं. तुझ्यामुळं दिसलं." मग त्यांनी डोळे पुसले. "आणि म्हणतात, पुन्हा दाखवू नकोस."

खंडाळा

फुलं झडल्यावर मी छप्पर परत घातलं. वैशाखात जांभळीला तांबूस पालवी फुटली, मग हिरवी. ती दाट होईतो मी राहिलो. निघताना गौडांनी बांबूच्या टोपल्यांत लावलेली वर्षाची रोपं दिली, निवडून, स्वतः. कडूर स्टेशनात एका धनगराच्या शेळीनं त्यातल्या काहींचे शेंडे खाल्ले. मी इतका ओरडलो की स्टेशनमास्तर बाहेर आले. त्यांनीच मग टोपल्या गार्डच्या डब्यात ठेवायला लावल्या. त्यांचेही उपकार.

लोणावळ्याला उतरलो तेव्हा ढग राजमाचीवर टेकले होते. बंगल्यामागच्या उतारावर, जांभळी-हिरड्यांच्या सावलीत, मृगाच्या आधी रोपं लावली. शेठनी विचारलं, झाडं तोडून जागा मोकळी का नाही केली? मी म्हणालो, "झाड तोडलं तर मी जाईन, शेठ." मी शेठला असं कधी बोललो नव्हतो.

खंडाळ्याचा वारा आणि पाऊस सोसून काही रोपं गेली. बरीच राहिली. परवा दिवाळीला शेठ आले, उतार फिरले, नव्या पानांच्या जोड्या बोटानं उचलून पाहिल्या आणि म्हणाले, "उताराच्या गिऱ्हाईकाला मी 'नाय' म्हणून सांगितलं." फळ यायला अजून वर्षं लागतील. येईल की नाही हेही मला ठाऊक नाही. पण खोली आहे, आई आहे, आणि सकाळी चुलीवर गुळाचा काळा कढ उकळतो. आई म्हणते, "वास बरा हाय," आणि पीत नाही.

आपल्याकडं इर्जिक असते. एखाद्याचं काम अडलं की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतं. मजुरी कुणी घेत नाही. पण ज्यानं इर्जिक घेतली त्याला दुसऱ्याच्या हाकेला जावंच लागतं, नाही तर तो माणसांतून उठला. देवक्का आणि त्यांच्या बाया सणाचं न्हाणं करून माझ्या चुकीवर छप्पर घालायला आल्या. निघताना मी त्यांना लुगडं देऊ केलं तर त्या म्हणाल्या, "ठेव. तुझ्या आईला दे."

तेव्हा देवक्का, हे कुणीतरी तुम्हांला वाचून दाखवेल तर ऐका. एका तोडणीला मी येईन. मार्गशीर्षात फळं लाल होऊ लागली की तुमच्या शेजारची ओळ धरीन, सकाळच्या दवात, तुमची टोळी माझ्यावर काय गाणं म्हणेल ते म्हणू दे. संध्याकाळी भरलेली टोपली उतारावरून तुम्ही वाहायची नाही. ती मी वाहीन, सगळी तोडणी संपेपर्यंत.